लायब्ररी फंक्शनमधून कर्नलला थेट हाक कशी मारावी

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मराठी शाळांतून इंजिनिअरिंगला गेलेल्या मुलांना सी भाषेतलं प्रिंटएफ, म्हणजे मजकूर छापणारं फंक्शन, रोजचंच. पण स्क्रीनवर एक अक्षर उमटवायचं तरी प्रोग्रॅमला शेवटी कर्नलकडेच, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडेच, जावं लागतं, आणि ती वाट एकदा तरी स्वतःच्या हातानं बांधावी. इथं ६४-बिट इंटेल किंवा एएमडी मशिनवरचं लायनक्स धरलं आहे.

‘लिही’ नावाचं फंक्शन घेऊ. त्याला तीन गोष्टी द्यायच्या: फाईल डिस्क्रिप्टर (उघडलेल्या फाईलचा क्रमांक), मजकुराचा पत्ता आणि लांबी. सीमधून बोलावलं की त्या अनुक्रमे आरडीआय, आरएसआय, आरडीएक्स या रजिस्टरांत (प्रोसेसरमधल्या छोट्या साठवणीच्या जागांत) येतात, आणि कर्नललाही तिथंच हव्या असतात. तेव्हा असेम्बलीत (प्रोसेसरच्या थेट सूचनांच्या भाषेत) उरतं एवढंच: आरएएक्स या रजिस्टरात राइटचा, म्हणजे कर्नलच्या लिहिण्याच्या सेवेचा, क्रमांक १ टाका, सिसकॉल (कर्नलला हाक मारणारी सूचना) द्या, परत या.

चौथी गोष्ट द्यायची असेल तर मात्र जपा. सी ती आरसीएक्समध्ये ठेवते, कर्नल आर१० मध्ये बघतो. कारण सिसकॉल स्वतःच आरसीएक्समध्ये परतीचा पत्ता आणि आर११ मध्ये फ्लॅग (प्रोसेसरच्या स्थितीच्या खुणा) लिहून टाकतो. इनलाइन असेम्बली (सीच्या कोडमध्येच असेम्बली) लिहिताना ही दोन्ही रजिस्टरं बिघडतात हे कंपायलरला सांगायलाच हवं.

लांबी बाइटमध्ये मोजा. ‘बेळगाव’ दिसायला चार अक्षरं, पण यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत) काना-मात्राही वेगळे धरतात. सहा चिन्हं, प्रत्येकी ३ बाइट, म्हणजे १८. नव्या ओळीचा एक मिळवून १९. लांबी ४ दिलीत तर ‘ब’ पुरा जाईल आणि मात्रेचा एकच बाइट.

माझ्या मते खरं काम परतल्यावर सुरू होतं. आरएएक्समधलं उत्तर उणे ४०९५ ते उणे १ मध्ये असेल तर ती चूक. उणे काढून आकडा एररनोत (चुकांचा क्रमांक ठेवणाऱ्या सीच्या व्हेरिएबलमध्ये) ठेवा आणि उणे १ परत करा. उत्तर मागितल्यापेक्षा कमी आलं तर ती चूक नव्हे, पाइपमध्ये (दोन प्रोग्रॅमना जोडणाऱ्या वाटेत) जागाच तेवढी असू शकते. पत्ता तितका पुढं सरकवा, उरलेलं पुन्हा पाठवा. सिग्नलमुळं (प्रोग्रॅमला मधेच आलेल्या इशाऱ्यामुळं) कॉल तुटला, म्हणजे एररनोत ४ आला, तरी पुन्हा करा. हे फेरे ‘लिही’त कोंबू नका, त्याच्यावर वेगळं फंक्शन करा.

आता एसट्रेस (प्रोग्रॅमच्या कर्नलला मारलेल्या हाका दाखवणारं साधन) लावून चालवा. राइटच्या ओळीच्या शेवटी १९ दिसायला हवेत. मग मुद्दाम न उघडलेला डिस्क्रिप्टर द्या, ९९ म्हणा. ‘लिही’नं उणे १ दिलं आणि एररनोत ९ पडले तर काम जमलं. ६४-बिट एआरएमवर मात्र क्रमांक एक्स८ मध्ये जातो आणि राइटचा क्रमांक ६४ असतो, म्हणून असेम्बलीचा भाग प्रोसेसरनुसार वेगळ्या फाईलमध्ये ठेवा.