टेम्पोतून लेथ उतरवताना या चुका टाळा

चेन ब्लॉक (साखळी ओढून वजन उचलायचं हातयंत्र) दोन टनाचा आणि लेथ (धातू फिरवून कातायचं मशीन) दीड टनाचा, म्हणजे काम झालं असं समजू नका. ब्लॉक सहसा दगा देत नाही. दगा देतं ते त्याच्या वरचं आणि खालचं.

वरचं म्हणजे शेडचा ट्रस, छताचा लोखंडी सांगाडा. तो पत्रे आणि वारा पेलायला केलेला असतो. त्याच्या मधल्या अँगलला ब्लॉक अडकवायची खोड जवळपास प्रत्येक गाळ्यात दिसते. गँट्री (वजन उचलायची लोखंडी कमान) नसेल तर भक्कम तिपाई लावा आणि तिचे पाय खालून साखळीने एकमेकांना बांधा, नाहीतर कोब्यावर फाकतात. तेही जमत नसेल तर हायड्रा (चाकांवरची क्रेन) बोलवा, भाडं खुपलं तरी.

खालचं म्हणजे मशीनला बांधून हुकात अडकवायचा बेल्ट. जांभळा बेल्ट एक टनाचा, मग एकेरी लावलेले दोन बेल्ट दोन टन उचलतील, हा हिशेब फक्त दोन्ही पदर सरळ उभे असतील तरच बरोबर. पदर जमिनीशी 60 अंशात असतील तर प्रत्येकावर सुमारे 870 किलो येतात. 30 अंशांपर्यंत पसरले की प्रत्येकावर पूर्ण दीड टन! लांब बेल्ट घ्या, हुक उंच ठेवा.

लेथचं वजन हेडस्टॉककडे, म्हणजे जॉब फिरवणाऱ्या टोकाकडे असतं. हुक बेडच्या मधोमध आला की मशीन त्या बाजूला कलणारच. कॅरेज (हत्यार धरून सरकणारा भाग) आणि टेलस्टॉक (जॉबला समोरून आधार देणारा भाग) दुसऱ्या टोकाला सरकवून लॉक करा. बेल्ट लीड स्क्रूवर (आटे पाडताना कॅरेज सरकवणारा लांब स्क्रू) दाबला जाऊ देऊ नका. स्क्रू वाकला तर थ्रेडिंग विसरा.

उचलताना टेम्पोच्या स्प्रिंगच्या पाट्या मोकळ्या होतात आणि हौदाही मशीनसोबत वर येतो. त्यामुळे मशीन सुटल्यासारखं वाटतं. खालून फट दिसेपर्यंत खरं मानू नका. दोन इंच उचलून थांबा, तोल बघा, मगच टेम्पो काढा. लगेच मशीन खाली घ्या. फिरवायला दोरी वापरा, हात नको.

उसना आणलेला ब्लॉक असेल तर आधी रिकामा चालवा. वर घेताना टक-टक आवाज हवा; नसेल तर पॉल (लोड मागे येऊ न देणारा खटका) अडकलंय. लोड घसरत असेल तर ब्रेक प्लेट झिजल्यात किंवा कुणी हौसेने ऑइल सोडलंय. साखळी ओढायला दोघं लागत असतील तर तिसऱ्याला बोलावू नका: वजन जास्त आहे, किंवा खालचा हुक उलटून साखळीला पीळ पडलाय. लोड उतरवा, हुक उलटा फिरवून पीळ काढा.