त्या दिवशी पाणी कुठून जाणार?

सिव्हिल करून अमेरिकेत एमएसला येणारी बहुतेक मुलं स्ट्रक्चर नाहीतर ट्रान्स्पोर्टेशन डोक्यात ठेवून येतात. मीही तसाच आलो. नोकरी मिळाली ती मात्र व्हर्जिनियाच्या उत्तर भागातल्या एका लहान लँड डेव्हलपमेंट कंपनीत, आणि पहिल्याच सोमवारी टेबलावर पडला तो ११ एकरांच्या साइटचा 'ई अँड एस' प्लॅन. म्हणजे इरोजन अँड सेडिमेंट कंट्रोल. बांधकाम चालू असताना उघडी पडलेली माती पावसात वाहून शेजाऱ्याच्या आवारात, गटारात, ओढ्यात जाऊ नये म्हणून काय काय करणार, याचा आराखडा. तो काउंटीने मंजूर केल्याशिवाय साइटवर फावडंही लावता येत नाही.

मनातून मी खट्टू झालो. चार वर्षं बीई, दोन वर्षं एमएस, आणि काम काय, तर चिखल आवरायचा! हे काम नव्या पोराच्याच गळ्यात पडतं, हेही लवकरच कळलं. तुमच्याही पडेल. पडू द्या. एका साइटवर जमीन, पाणी, रस्ता, पाइप आणि कायदा एकत्र कसे नांदतात, हे इतक्या लवकर दाखवणारं दुसरं टेबल कंपनीत नसतं.

आधी परवान्यांचा गुंता सोडवू, कारण नवा माणूस इथेच चकतो. परवाना एक नसतो. एक एकर किंवा त्याहून जास्त जमीन उकरणार असाल, तर १९७२च्या क्लीन वॉटर अ‍ॅक्टखालचा बांधकामाचा स्टॉर्मवॉटर, म्हणजे पावसाच्या वाहत्या पाण्याचा, परवाना लागतो. व्हर्जिनियात तो राज्याच्या पर्यावरण विभागामार्फत मिळतो. पण त्याच्या कितीतरी आधी स्थानिक परवाना आडवा येतो. राज्याचा धूप-नियंत्रण कायदा १९७३चा, आणि त्याची अंमलबजावणी मुख्यतः काउंटी आणि शहरांकडे. सर्वसाधारण मर्यादा १०,००० चौरस फुटांची. आपल्या हिशोबात सव्वानऊ गुंठे. चेसापीक उपसागराच्या संरक्षित पट्ट्यात ती २,५०० चौरस फुटांवर येते, म्हणजे जेमतेम सव्वादोन गुंठे. फेअरफॅक्स काउंटीत तर हीच २,५००ची मर्यादा चालते. सव्वादोन गुंठ्यांत आपल्याकडे एक बंगला आणि पुढे चार कुंड्या बसतात. थोडक्यात, घरामागे जरा मोठी खोली वाढवायची तरी माती कुठे जाणार ते आधी सांगा. एकट्या घरासाठी पूर्ण आराखड्याऐवजी करारनाम्यावर भागवण्याची सोय असते, हे खरं. पण नियम पाळावे लागतातच.

मर्यादा स्थानिक पातळीवर आणखी कडक करता येते. म्हणून शेजारच्या काउंटीतला प्लॅन नाव बदलून इकडे दिला तर तो परत येतो. नवीन काम आलं की त्या काउंटीची चेकलिस्ट उतरवून घ्यायची, जुन्यावर विसंबायचं नाही. त्यात १ जुलै २०२४पासून धूप-नियंत्रण आणि स्टॉर्मवॉटर हे राज्याचे दोन कायदे एकत्र झाले. ऑफिसात १९९२चं जाडजूड हँडबुक अजून सगळ्यांच्या टेबलावर असतं, सवयीने उघडलंही जातं. पण संदर्भ नव्याचा द्यायचा.

एवढा आटापिटा कशासाठी? इथलं पाणी शेवटी चेसापीक उपसागरात जातं. सहा राज्यं आणि वॉशिंग्टन डीसी मिळून सुमारे ६४,००० चौरस मैलांचं ते पाणलोट. गढूळ पाण्यामुळे तळाच्या गवताला ऊन मिळत नाही, कालवं गाळाखाली गाडली जातात. २०१०च्या डिसेंबरात केंद्राच्या पर्यावरण संस्थेने या उपसागरासाठी प्रदूषणाची मर्यादा ठरवली, त्यात नायट्रोजन आणि फॉस्फरसच्या रांगेत गाळालाही बसवलं. माती म्हणजे प्रदूषण! शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या माझ्यासारख्याला हे पचायला वेळ लागला.

माझा पहिला प्लॅन लाल शेऱ्यांनी भरून परत आला. मी सगळी चिन्हं व्यवस्थित टाकली होती: हद्दीभोवती सिल्ट फेन्स (गाळ अडवणारं कापडी कुंपण), गेटवर दगडी प्रवेशमार्ग, सखल कोपऱ्यात सेडिमेंट ट्रॅप (गाळ खाली बसावा म्हणून खणलेला खड्डा), गटारांच्या तोंडांना जाळ्या. चित्र देखणं होतं. काउंटीच्या रिव्ह्यूअर बाई निवृत्तीला आलेल्या. त्यांनी फोनवर एकच विचारलं, "हा ट्रॅप आणि पावसाळी पाइपचं शेवटचं चेंबर एकाच जागी आहेत. ज्या दिवशी चेंबर बसवाल, त्या दिवशी पाणी कुठून जाणार?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ट्रॅप काढल्याशिवाय चेंबर बसत नव्हतं, आणि ट्रॅप काढला तर वरची अडीच एकर उघडी माती थेट ओढ्यात. माझा नकाशा म्हणजे साइटचा एका क्षणाचा फोटो होता. त्यांना महिन्यामहिन्याची गोष्ट हवी होती. तेव्हापासून मी नकाशा काढण्याआधी कामाचा क्रम लिहितो. आधी प्रवेशमार्ग, मग हद्दीची फेन्स, मग ट्रॅप, ट्रॅपच्या बांधावर लगेच बी आणि पेंढा, इन्स्पेक्टरची पाहणी, आणि त्यानंतरच वरच्या अंगाची जमीन उकरायची. हा क्रम राज्याच्या १९ किमान निकषांतच आहे. मी तो वाचला होता, पण पाठ करण्याची गोष्ट म्हणून. पाइपलाइनच्या वेळी दुसरा टप्पा, रस्ते झाल्यावर तिसरा. प्रत्येक टप्प्याचा नकाशा वेगळा, आणि प्रत्येक नकाशापुढे बाईंचा तोच प्रश्न. शेवटी त्या साइटवर ट्रॅप चेंबरपासून ४० फूट वर सरकवला आणि प्लॅन मंजूर झाला.

ट्रॅपचा हिशोब सोपा आहे. त्याच्याकडे येणाऱ्या दर एकराला १३४ घनयार्ड जागा. निम्मी कायम पाण्याने भरलेली, निम्मी हळूहळू रिकामी होणारी. १३४ घनयार्ड म्हणजे साधारण ३६ ब्रास. माझ्या अडीच एकरांना ९० ब्रासचा खड्डा लागला. ज्याने गावाकडे ब्रासवर वाळू उतरवून घेतली आहे, त्याला हा आकडा लगेच डोळ्यांपुढे उभा राहतो. पाणलोट तीन एकर किंवा जास्त असेल, तर ट्रॅप चालत नाही. सेडिमेंट बेसिन, म्हणजे गाळासाठीचं मोठं तळं, लागतं आणि गणित वाढतं.

खरी गंमत सिल्ट फेन्सची. खुंट्यांना ताणलेलं ते काळं कापड बघून सगळ्यांना वाटतं, ही गाळणी. गाळणी नव्हे, तो बुटका बंधारा आहे. पाणी त्याच्यामागे थांबावं, तेवढ्या वेळात वाळू-पोयटा खाली बसावा, एवढंच त्याचं काम. चिकणमातीचे कण दिवस दिवस तरंगत राहतात, त्यांना कापड अडवत नाही. म्हणून १०० फूट फेन्समागे पाव एकरापेक्षा, म्हणजे १० गुंठ्यांपेक्षा जास्त जमीन नसावी, उताराची लांबी १०० फुटांपेक्षा जास्त नसावी, कापडाचा खालचा काठ ४ इंच खोल चरात पुरून माती दाबावी. आणि ओहोळात ती आडवी लावायची नाही. जोराचं पाणी तिला खुंट्यांसकट घेऊन जातं.

हे मी शिकलो ते मात्र मार खाऊन. दुसऱ्या एका साइटवर माझ्या नकाशात फेन्स उताराबरोबर खाली उतरत गेली होती. हद्दच तशी होती, मी हद्दीवर रेघ ओढली. ऑगस्टच्या एका वादळी संध्याकाळी सगळं पाणी फेन्सला लागून पळालं आणि खालच्या कोपऱ्यात फुटलं. शेजारच्या माणसाचं तळं चहासारखं झालं. काउंटीची नोटीस आली, काम दोन दिवस बंद, कंत्राटदाराची शिवी थेट माझ्या बॉसला.

रात्री घरी फोन केला. कोरेगाव तालुक्यातलं आमचं गाव. आबांनी आयुष्यभर माळावरच्या ताली, म्हणजे उताराला आडवे बांध, राखल्या. २०१६ साली वॉटर कपच्या श्रमदानात समतल चर खणताना मी त्यांच्या हाताखाली ए-फ्रेम, म्हणजे समतल रेषा शोधायची लाकडी चौकट, धरून उभा होतो. त्यांना सगळं सांगितलं.

"ताल उताराला सरळ घातलीस?" आबांनी विचारलं.

"हद्द तशी होती, आबा."

"हद्द तलाठ्याला. पाण्याला काय त्याचं? टोकं वर वळवायची, मधी मधी आडवं कायतरी घालायचं. आन् सांडवा कुटं ठेवलायस?"

दुसऱ्या दिवशी बॉसने लाल पेनने नकाशावर जे काढलं ते नेमकं हेच होतं. फेन्सला ठरावीक अंतरावर वरच्या बाजूला वळणारे आकडे, इकडे त्यांना 'जे-हुक' म्हणतात, आणि तळाशी दगडी सांडवा असलेला छोटा ट्रॅप. समतल रेषा धरून विचार करायला मला गावच्या माळाने शिकवलं होतं. नकाशे काढायचं सॉफ्टवेअर, सिव्हिल थ्रीडी, उघडलं की मी ते विसरत होतो.

साइटवर कशाकडे बघायचं? गेटवरचा दगड आधी बघा. किमान ७० फूट लांब, १२ फूट रुंद, ६ इंच जाड थर सांगितलेला असतो. महिन्याभरात तो चिखलाने भरतो आणि ट्रक माती घेऊन रस्त्यावर येतात. रस्त्यावरची माती रोज संध्याकाळी फावड्याने किंवा झाडूने उचलायची असते. पाण्याने धुऊन गटारात ढकलली की इन्स्पेक्टर तिथेच चिडतो. पाइपचा चर एका वेळी ५०० फुटांपेक्षा जास्त उघडा नको, आणि खणलेली माती चराच्या वरच्या अंगाला. पाव इंच पाऊस झाला की पाहणीच्या वह्या उघडतात. त्या प्रामाणिकपणे भरा. फेन्स पडली असेल तर 'पडली, अमुक दिवशी दुरुस्त केली' असं लिहिलेली वही तुम्हाला वाचवते. सगळीकडे 'ठीक' लिहिलेली वही गोत्यात आणते. इन्स्पेक्टरशी ओळख नोटीस येण्याआधी करा, आल्यावर नको.

आता नोकरीचं. व्हर्जिनियात प्रत्येक कामावर 'रिस्पॉन्सिबल लँड डिस्टर्बर' म्हणून एका माणसाचं नाव परवान्याआधी द्यावं लागतं. त्याचं प्रमाणपत्र राज्याकडून मिळतं, अभ्यास थोडक्यात आटोपतो, आणि नवख्याच्या रेझ्युमेवर ते उठून दिसतं. एमएस चालू असतानाच करून टाका. एफई, म्हणजे इंजिनिअरच्या परवान्याच्या वाटेवरची पहिली परीक्षाही तेव्हाच द्या. नोकरी लागल्यावर ती पुढे पुढे ढकलली जाते, हा स्वानुभव. एचएसजी गट (पाणी किती मुरतं त्यावरून पाडलेले मातीचे गट), जमिनीचा नकाशा, पावसाचे आकडे हे सगळं सरकारी संकेतस्थळांवर फुकट मिळतं. एखादी रिकामी जागा घेऊन त्यावर सरावाचा प्लॅन काढा आणि मुलाखतीला तोच घेऊन जा. मी आता मुलाखती घेतो तेव्हा समतल रेषांचा एक कागद पुढे सरकवतो आणि पहिली फेन्स कुठे लावाल ते विचारतो. हद्दीवर रेघ ओढणारे बरेच भेटतात. मी हसत नाही, मला तो अधिकार नाही.

पुण्या-मुंबईत राहूनच हे काम करता येईल का, असं मुलं विचारतात. तिकडे २००६च्या पर्यावरण अधिसूचनेखाली २०,००० चौरस मीटर किंवा जास्त बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते, वरची सुपीक माती साठवून पुन्हा वापरण्याच्या अटी त्यात येतात. शिवाय उत्खननाला गौण खनिजाची परवानगी आणि रॉयल्टी. पण त्या कागदावर माती कोणाची आणि किती ब्रास, हे विचारलेलं असतं. पावसात ती कुठे जाईल, हे नव्हे. निदान मला तरी फरक तिथे वाटतो.

एक शेवटचं, कारण हे सगळेच विसरतात. गवत नीट रुजून जमीन स्थिर झाली की ३० दिवसांत फेन्स, ट्रॅप, जाळ्या काढाव्या लागतात, अडलेला गाळ पसरून त्यावरही बी टाकावं लागतं. ते होईपर्यंत काउंटीकडचा बाँड, म्हणजे कामाची हमी, सुटत नाही. त्या ११ एकरांच्या साइटवर लोक राहायला आले, मुलं सायकली फिरवू लागली, आणि मागच्या बाजूला ६० फूट काळी फेन्स अजून उभी. बॉसने किल्ली माझ्याकडे फेकली. गमबूट गाडीच्या डिकीत होतेच.