थ्रीडी मॉडेल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पाठवताना

सॉलिडवर्क्स या थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधला पार्ट (सुट्या भागाचं मॉडेल) क्रिओ किंवा कॅटिया अशी दुसरी डिझाइन सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला द्यायचा असेल, तर डोळे झाकून स्टेप फाइल काढा, म्हणजे वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी फाइल. पण सेव्ह करताना ऑप्शन्स उघडून बघा. तिथे एपी २०३, एपी २१४ असे स्टेपच्या प्रकारांचे पर्याय दिसतात. रंग हवे असतील तर २१४ घ्या. टॉलरन्ससारखी (मापात किती फरक चालेल, ही) माहिती मॉडेलसोबतच जायला हवी असेल तर एपी २४२, अर्थात दोन्हीकडच्या सॉफ्टवेअरला ते जमत असेल तरच.

समोरचा सॉलिड एज किंवा एनएक्स ही सॉफ्टवेअर वापरत असेल, तर स्टेपपेक्षा पॅरासॉलिड फाइल बरी. या दोन्हींचा आणि सॉलिडवर्क्सचा कर्नल, म्हणजे आतून आकार घडवणारं इंजिन, पॅरासॉलिडच, त्यामुळे भाषांतराची भानगडच नाही. आयजीईएस हा फाइलचा प्रकार मात्र शक्यतो टाळा. त्यात बऱ्याचदा भरीव आकाराऐवजी सुटे सरफेस (पृष्ठभाग) येतात आणि ते एकमेकांना शिवत बसावं लागतं. एसटीएल फाइल म्हणजे नुसते त्रिकोण. थ्रीडी प्रिंटरला ठीक, मशीनिंगवाल्याला देऊ नका. त्यात एककही नसतं. मी एकदा मिलिमीटरमधला ब्रॅकेट इंचात उघडला, तो २५.४ पट मोठा झाला आणि मी अर्धा तास झूम आउट करत बसलो.

फीचर ट्री, म्हणजे मॉडेल ज्या पायऱ्यांनी बनलं त्यांची यादी, यातल्या कुठल्याच फाइलमध्ये जात नाही, हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर ‘फिलेट (कडेची गोलाई) बदलता येत नाही’ म्हणून फोन येतोच.

फाइल पाठवताना मेलमध्ये पार्टचं घनफळ आणि एक ठळक माप लिहा. समोरच्याने इम्पोर्ट करून मास प्रॉपर्टीज (घनफळ वगैरे दाखवणारी माहिती) बघितल्या, ते माप मोजलं आणि आकडे जुळले, की पुढचं काम सुरू करायला हरकत नाही.