सर्वसाधारण सभेला थांबा: राज्यशास्त्राच्या परिषदेत नव्यानं येणाऱ्यांसाठी

गेल्या महिन्यात एम. ए.च्या दुसऱ्या वर्षातल्या एका विद्यार्थ्यानं राज्यशास्त्र परिषदेच्या, म्हणजे या विषयाच्या शिक्षक-अभ्यासकांच्या संघटनेच्या, आजीव सभासदत्वाचा फॉर्म माझ्यापुढे ठेवला आणि विचारलं, "मॅडम, हा भरला तर सेट-नेटला, नोकरीला काही फायदा होतो का?" शिरपूर तालुक्यातला मुलगा, घरी थोडी कोरडवाहू कपाशी. ती रक्कम त्याच्यासाठी लहान नव्हती. मी फॉर्म परत दिला आणि म्हटलं, "आधी परिषदेची घटना, म्हणजे तिची नियमावली, वाच. मग पैसे भर." तो गोंधळला. मागे तास वाजला होता, त्यामुळे नीट सांगता आलं नाही. म्हणून सविस्तर लिहिते आहे. त्याच्यासाठी, आणि धुळे-नंदुरबार-जळगावमधल्या त्याच्यासारख्या सगळ्यांसाठी.

हाच प्रश्न मला माझ्या वडिलांनी विचारला होता. "इतला पैसा भरीसन काय भेटस?" तेव्हा मी जळगाव जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत होते. झालेल्या तासांचे पैसे, तेही महिनोन्‌महिने उशिरा. अधिवेशन मराठवाड्यात होतं. नोंदणी शुल्क, जाण्यायेण्याचं भाडं आणि दोन दिवसांचा खर्च मिळून माझा जवळजवळ एका महिन्याचा पगार जात होता. वडिलांना मी सांगितलं, प्रमाणपत्र मिळतं. मला स्वतःलाही तेव्हा एवढंच ठाऊक होतं.

माझा निबंध पेसा कायद्याखालच्या ग्रामसभांवर होता. पेसा हा अनुसूचित, म्हणजे आदिवासी, क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा केंद्राचा कायदा १९९६चा, महाराष्ट्राचे नियम २०१४चे. त्या नियमांमुळे अनुसूचित क्षेत्रातल्या एखाद्या पाड्यालाही स्वतःची वेगळी ग्रामसभा मागता येते. मी नंदुरबारच्या अक्राणी (धडगाव) तालुक्यातल्या काही गावांविषयी लिहिलं होतं. सत्रात आम्ही नऊ जण होतो, प्रत्येकाला सात मिनिटं. मी घाईघाईनं वाचून संपवलं. सत्राध्यक्षांनी एकच प्रश्न विचारला, "तुम्ही स्वतः किती ग्रामसभांना बसलात?" मी म्हटलं, "दोन." ते रागावले नाहीत, हसलेही नाहीत. "पुढच्या वर्षी दहांना बसून या," एवढंच म्हणाले.

परिषदेतून मला मिळालेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तो प्रश्न. आपल्या भागात विषयाची माणसं कमी भेटतात. धडगावला जाऊन आलेली मी एकटी, आणि महाविद्यालयात त्यावर बोलायला कुणी नाही. तुमचं काम गांभीर्यानं ऐकून त्यातलं भोक दाखवणारी माणसं अधिवेशनात भेटतात. पुढच्या वर्षी मी अकरा ग्रामसभांच्या टिपणांसह गेले. त्या टिपणांमुळे चहाच्या वेळी पुण्याच्या एका प्राध्यापकांशी बोलणं झालं, त्यातून निवडणूक सर्वेक्षणाचं क्षेत्रकाम मिळालं. लोकनीतीसारख्या निवडणुकांचा अभ्यास करणाऱ्या संस्था मतदानोत्तर सर्वेक्षणासाठी विद्यार्थ्यांना प्रशिक्षण देऊन गावोगावी पाठवतात. मतदारयादीतून निवडलेलं नाव शोधत उन्हातून फिरणं, आणि ते घर बंद असेल तर शेजारच्याला विचारून मोकळं न होणं, हे शिस्तीनं तिथंच शिकता येतं.

पण पहिल्या वर्षी मी एक चूक केली आणि तिच्यासाठीच हा लेख आहे. दुसऱ्या दिवशी चार वाजता सर्वसाधारण सभा होती. मला शेवटची एस. टी. गाठायची होती. प्रमाणपत्र घेतलं आणि निघाले. माझ्यासारखे बहुतेक जण निघाले. परिषद कोण चालवतं, पुढचं अधिवेशन कुठं होणार, विद्यार्थ्यांसाठी प्रवासखर्च ठेवायचा की नाही, हे सगळं आम्ही बसमध्ये बसलेलो असताना मागे उरलेल्या तीसेक माणसांनी ठरवलं. वर्षभर वर्गात लोकसहभागावर बोलणारे आम्ही!

आता आधी पायऱ्या समजून घ्या. सगळ्यात जवळची म्हणजे विद्यापीठ परिसरातली विषयशिक्षकांची संघटना. आपल्याकडे ते क्षेत्र कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचं, म्हणजे खानदेशातले तिन्ही जिल्हे. तिच्यावर राज्यपातळीवरची परिषद. तिच्यावर भारतीय राज्यशास्त्र परिषद, स्थापना १९३८ची, म्हणजे देश स्वतंत्र होण्याआधीची. तिचं इंग्रजी नियतकालिक १९३९पासूनचं. जगाच्या पातळीवर १९४९ साली युनेस्कोच्या पुढाकारानं सुरू झालेली आंतरराष्ट्रीय राज्यशास्त्र परिषद आहे. तिचं कार्यालय माँट्रियलला आणि जागतिक अधिवेशन दर दोन वर्षांनी, २०२३ला ब्युनोस आयर्सला, २०२५ला सोलला. तिथं देशोदेशीच्या राष्ट्रीय परिषदा सामूहिक सभासद असतात आणि त्यांचे प्रतिनिधी अध्यक्ष व कार्यकारिणी निवडतात. तुम्ही-आम्ही वैयक्तिक सभासद झालो म्हणून त्या निवडणुकीत मत मिळत नाही. पण तिच्या संशोधन समित्या विषयवार आहेत, छोट्या आहेत, त्यांची पदाधिकारी-निवड त्यांच्या त्यांच्यातच होते. आदिवासी स्वशासनावर किंवा स्थानिक राजकारणावर काम करणाऱ्या नंदुरबारच्या मुलीनं मोठ्या अधिवेशनाकडे बघून घाबरण्यापेक्षा आपल्या विषयाची समिती शोधावी. कमी उत्पन्नाच्या देशांतल्या संशोधकांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी तिथं प्रवास अनुदान असतं, शुल्कही कमी असतं. अर्ज वेळेत मात्र करावा लागतो, आणि वेळेत म्हणजे बरेच महिने आधी.

देशातल्या देशात पैशांची दुसरी वाट म्हणजे भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद, जी १९६९पासून आहे. तिचं पश्चिम विभागीय केंद्र मुंबईला आहे. पीएच. डी.ची अधिछात्रवृत्ती, चर्चासत्रांना अनुदान हे तिथून मिळतं. हे मला कुणी कार्यालयातून सांगितलं नाही. अधिवेशनात जेवणाच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या बाईंनी सांगितलं.

सभासदत्वाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: तासिका तत्त्वावर असाल किंवा शिकत असाल, तर पहिली एक-दोन वर्षं वार्षिक सभासद व्हा. माणसं बघा, कारभार बघा. पावती घ्या आणि जपून ठेवा. मतदारयादीसाठी कोणत्या तारखेपर्यंतचे सभासद धरतात, थकबाकीदाराला मत असतं का, निवडणुकीला उभं राहायला किती वर्षांचं सभासदत्व लागतं, हे घटनेत लिहिलेलं असतं. घटना मागितली तर द्यायला हवी. ती मिळायला त्रास होत असेल, तर कारभाराबद्दल निम्मी माहिती तिथंच मिळाली असं समजा.

घटना हातात आली की तिच्यामागचा कायदाही समजून घ्या. आपल्या राज्यात अशा बहुतेक परिषदा १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या असतात. म्हणजे त्यांच्यावर धर्मादाय आयुक्तांची देखरेख. दरवर्षी हिशेब तपासून द्यायचे. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांच्या आत चेंज रिपोर्ट दाखल करायचा. हे कोरडं वाटेल, पण यात किती माणसांची वर्षं अडकतात ते मी पाहिलं आहे. मी ज्या एका परिषदेत काम केलं, तिथं आधीच्या मंडळींनी दोन निवडणुकांचे चेंज रिपोर्ट दाखलच केले नव्हते. नवे कोषाध्यक्ष निवडून आले, बँकेनं त्यांची सही घेतली नाही. खात्यात पैसे होते, आणि सात विद्यार्थ्यांचा मंजूर झालेला प्रवासखर्च आम्हाला देता येत नव्हता. त्यातल्या एका मुलीनं पुढच्या वर्षी निबंध पाठवलाच नाही. मला आजही तिचं वाईट वाटतं. कुणी पैसे खाल्ले नव्हते. एक कागद वेळेत दिला नव्हता.

त्यामुळे नव्या सभासदानं सर्वसाधारण सभेत काय बघावं? मागच्या सभेचं इतिवृत्त खरोखर वाचलं जातं, की "वाचलं असं समजून कायम" केलं जातं ते बघा. ताळेबंदाच्या प्रती वाटतात का ते बघा. गणपूर्तीकडे, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान हजेरीकडे, लक्ष द्या. बऱ्याच घटनांमध्ये अशी तरतूद असते की गणपूर्ती नसेल तर सभा अर्धा तास तहकूब करायची आणि मग त्याच जागी, उपस्थित असतील तेवढ्यांवर चालवायची. तरतूद कायदेशीर आहे, गरजेचीही आहे. पण दरवर्षी सभा तहकूबच होत असेल, तर ज्यांची बस लवकर आहे ते कायमचे बाहेर राहतात. खानदेशातून जाणारे आपण बहुतेक वेळा त्यांच्यातलेच असतो.

तिसऱ्या वर्षी मी थांबले. सचिवांना इतिवृत्त लिहायला कुणी हवं होतं. मी हात वर केला. इतिवृत्त लिहिणाऱ्याला प्रत्येक वाक्य नीट ऐकावं लागतं, "ठराव नक्की काय?" असं विचारण्याचा त्याला हक्क असतो. त्या एका संध्याकाळी मला परिषद कळली. पुढच्या वर्षी आलेले निबंधसारांश वेगळे करायचं काम मिळालं, मग दोन वर्षांनी कार्यकारिणीत उत्तर महाराष्ट्राची प्रतिनिधी म्हणून नाव आलं. ओळख नव्हती, गट नव्हता, मोठ्या संस्थेचं पाठबळ नव्हतं. गट असतात, हे लपवत नाही. शिक्षणसंस्थांचे असतात, जातीचे असतात, मार्गदर्शकांच्या विद्यार्थ्यांचे असतात. त्यांच्याशी भांडून मला काही साधलं नाही. कंटाळवाणं काम वेळेवर करून दिलं, तेव्हा मात्र सगळ्या गटांना माझी गरज पडली.

माझं नाव बिनविरोध आलं. तेव्हा आनंद झाला. नंतर त्यावर विचार केला. जागा तितकीच नावं, आणि ती नावं आधीच बसून ठरवलेली, ही पद्धत केवळ आपली नाही. अमेरिकेतली राज्यशास्त्र परिषद १९०३ची. तिथंही नामनिर्देशन समितीनं दिलेली यादीच बहुधा निवडून येत असे. २००० साली 'मिस्टर पेरेस्त्रोइका' या टोपणनावानं एक ई-मेल फिरला. आपल्या परिषदेवर आणि तिच्या मुख्य नियतकालिकावर आकडेमोडीच्या पद्धती वापरणाऱ्या मोजक्या लोकांचा ताबा आहे, आणि निवडणुका खऱ्या अर्थानं लढवल्याच जात नाहीत, अशी त्यात तक्रार होती. शेकडो अभ्यासकांनी त्या तक्रारीला पाठिंबा दिला. २००३ साली परिषदेनं आणखी एक, सर्व पद्धतींना जागा देणारं नियतकालिक सुरू केलं. आणि २००३-०४साठी अध्यक्ष झाल्या सुझॅन रूडॉल्फ, ज्यांचं आयुष्यभराचं काम भारतावर, विशेषतः राजस्थानवर होतं. मी हे आमच्या मुलांना आवर्जून सांगते. दूरच्या गावातलं, माणसांत बसून केलेलं काम अशा परिषदेच्या मध्यभागी येऊ शकतं, आणि ते आलं त्यामागे कारभारावर विचारलेले प्रश्न होते.

कार्यकारिणीत मी एकाच गोष्टीसाठी हट्ट धरला: अधिवेशन तालुक्याच्या ठिकाणी घ्या. "तिथं सोयी नाहीत," असं उत्तर आलं. मी फैजपूरचं नाव काढलं. १९३६च्या डिसेंबरात काँग्रेसचं पन्नासावं अधिवेशन आपल्या यावल तालुक्यातल्या फैजपूरला झालं. खेड्यात भरलेलं ते पहिलंच. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष, मंडप आणि सजावट नंदलाल बोस यांची, सामान बांबू-चटयांचं. तिथं हजारो माणसांची व्यवस्था झाली, आपण दोनशे लोक आहोत. अधिवेशन अजून मिळालेलं नाही. पण एक दिवसाचं विद्यार्थी-सत्र मिळालं, ते आम्ही घेतलं, आणि नवापूर-तळोद्याची मुलं पहिल्यांदा घरून डबा घेऊन येऊन निबंध वाचून संध्याकाळी घरी परतली. पुढं मागायला आता एक दाखला आहे.

प्रमाणपत्रांबद्दल थोडं. पैसे घेऊन आठ दिवसांत आयएसबीएन क्रमांकाच्या पुस्तकात निबंध छापून देणारी चर्चासत्रं पुष्कळ आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य नियतकालिकांची 'केअर' यादी २०२५मध्ये बंद झाली, त्यामुळे आता कोणतं नियतकालिक चांगलं हे तुम्हालाच ओळखावं लागेल. साधी कसोटी अशी: निबंध परत आला का, त्यावर कुणी प्रश्न काढले का? जिथं काहीच परत येत नाही तिथं पैसे देऊ नका, कितीही गरज असली तरी.

तो शिरपूरचा विद्यार्थी परवा पुन्हा आला. फॉर्म भरलेला नव्हता. घटनेची झेरॉक्स मात्र होती, आणि एका कलमाखाली पेन्सिलीची रेघ. सलग दोन वर्षं वर्गणी थकली तर सभासदाचं नाव यादीतून कमी होतं, असं ते कलम म्हणतं. त्यानं विचारलं, "मॅडम, कमी करण्याआधी त्याला नोटीस द्यायची असं कुठंच लिहिलेलं नाही. मग त्याला कळणार कसं?" मी इतकी वर्षं कार्यकारिणीत आहे, ते कलम कितीतरी वेळा वाचलं आहे. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी सचिवांना पत्र लिहून हा विषय येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यायला सांगितलं आहे. मांडणार तोच आहे. वार्षिक वर्गणी त्यानं काल भरली, आणि परतीचं तिकीट रात्रीच्या गाडीचं काढलं आहे.