जुनी ऑटोमॅटिक गाडी आली की गिअरबॉक्स खोलायच्या आधी

आयटीआय करून बाहेर पडलेली पोरं हल्ली सारखी विचारतात, ऑटोमॅटिकचं काम बेळगावात कोण शिकवतंय काय, का पुण्यालाच जायला लागतंय. म्हणून एकदाच बसून सविस्तर लिहितोय. उद्यमबागेकडं माझं छोटं गॅरेज आहे, आधी साध्या गिअरच्याच गाड्या करायचो, मग पुणे, बेंगळुरू, गोव्याकडनं सेकंड हँड घेतलेल्या जुन्या ऑटोमॅटिक गाड्या आपल्या भागात यायला लागल्या आणि बरीच गॅरेजं हात लावत नव्हती म्हणून फिरत फिरत त्या माझ्या दारात आल्या. केए २२ काय, एमएच ०९ काय, बॉर्डरवर पासिंग कुठलं का असेना, तक्रार एकच असती, "गिअरबॉक्स गेलाय बघा". आणि खोलायच्या आधी नीट बघितलं तर बऱ्याच वेळा गिअरबॉक्स गेलेला नसतोच. हा धंदा शिकायचा म्हणजे मुळात खोलायच्या आधीचं काम शिकायचं, पाना फिरवणं काय कुणीही शिकतंय.

सुरुवात आत कुठला बॉक्स आहे ते ओळखण्यापासनं. लिव्हरवर पी (पार्किंग) नसेल, नुसतं आर (रिव्हर्स), एन (न्यूट्रल), डी (पुढं जायचा), एम (मॅन्युअल) असेल तर बहुतेक एएमटी, २०१४ ला सेलेरिओबरोबर आपल्याकडं आला तो. खरं म्हणजे तो साधाच गिअरबॉक्स, क्लचप्लेट पण साधीच, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम मशीन करतंय, त्यामुळं त्याचं दुखणं क्लच आणि अ‍ॅक्च्युएटरच्या बाजूनं शोधायचं. मी इथं मुख्यतः टॉर्क कन्व्हर्टरवाल्या (साध्या क्लचप्लेटऐवजी ऑईलच्या जोरावर इंजिनची ताकद गिअरबॉक्सला देणारा डबा) जुन्या बॉक्सबद्दल बोलतोय, चार नाहीतर पाच गिअरचा. सीव्हीटी वेगळा, त्यात स्टीलचा पट्टा आणि पुल्या, त्याचं ऑईलही वेगळं. होंडा सिटीच घ्या की, २००३ नंतरच्या पिढीत सीव्हीटी, २००८ च्या मॉडेलला पाच गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर, २०१४ ला परत सीव्हीटी. नाव एकच, बॉक्स निराळे. दुकानातला पोरगा "सिटी ऑटोमॅटिकचं ऑईल" म्हणून जे काढून देईल ते डोळे झाकून ओतलं तर चांगल्या सीव्हीटीची वाट लागती. डब्यावरचं स्पेसिफिकेशन आणि गाडीच्या पुस्तकातलं स्पेसिफिकेशन जुळतंय का ते स्वतः वाचायचं, इंग्लिश येत नाही म्हणून सोडायचं नाही.

मग गिऱ्हाईकाला बोलतं करायचं. खानापूरकडचे एक काका आले होते, गाडी बंद करून खाली उतरता उतरताच म्हणाले, "रिव्हर्सच गेलाय बघ." मी म्हटलं, "काका, सकाळी जातोय का दिवसभर?" तर म्हणाले, "सकाळीच की. टाकला की पयला काहीच नाही, मग जरा रेस केलं की धाडकन बसतंय. दुपारी काय नाही." एवढ्यात अर्धं काम झालं. थंड असताना उशीर आणि गरम झाल्यावर बरं, म्हणजे ऑईल कमी असणं, आतले रबरी सील कडक होणं, प्रेशर उशिरा तयार होणं, या दिशेनं जायचं. उलट गाडी थंड असताना झकास आणि चोर्ला घाट चढून कणकुंबीला पोचेपर्यंत स्लिप व्हायला लागती, तर ऑईल गरम होऊन पातळ पडतंय, ऑईलचा कूलर चोंदलाय नाहीतर बॉक्सच्या आतले क्लच घासलेत. आपल्याकडं गिऱ्हाईक कन्नडमध्ये पण सांगतंय, "गाडी मुंद होगवल्दु री" (गाडी पुढं जात नाही हो) म्हणालं की आपण पण त्याच भाषेत विचारायचं, कधी, किती गरम झाल्यावर, कुठल्या गिअरला, त्याच्या आधी कुणी काय काम केलंय. शेवटचा प्रश्न विसरू नका. बॅटरी बदलल्यापासनं झटके देती, इंजिनचं काम झाल्यापासनं शिफ्ट बदललाय, रेडिएटर बदलल्यापासनं स्लिप होती, असली माहिती माणूस आपणहून सांगत नाही, त्याला ते संबंधित वाटतच नाही.

आता ऑईल. सपाट जागा, गाडी गरम, ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या पोझिशनमधनं फिरवून पीला आणायचा आणि बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवूनच डिपस्टिक (ऑईल मोजायची काठी) बघायची. होंडाचं उलटं, इंजिन बंद करून साधारण मिनिट-दीड मिनिटाच्या आत बघायची. हे माहिती नसलं की लेव्हल चुकीची वाचली जाती आणि माणूस वरनं अजून ऑईल ओततंय. जास्त ऑईल पण वाईट, फेस होतो आणि पंप हवा ओढतो. काही गाड्यांना डिपस्टिकच नसती, खालनं प्लग काढून ठराविक टेंपरेचरला लेव्हल बघायची असती, तिथं अंदाजपंचे चालत नाही.

काठी पांढऱ्या टिश्यूवर पुसा आणि बघा. लाल आणि नितळ असलं तर उत्तम. तपकिरी म्हणजे जुनं झालंय, एवढ्यावरनं घाबरायचं कारण नाही. काळं आणि जळका वास असला तर क्लच जळलेत, तो वास एकदा घेतला की जन्मात विसरत नाही. आणि दुधट गुलाबी दिसलं तर आत पाणी गेलंय. जुन्या बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सचं ऑईल रेडिएटरच्याच टाकीत थंड होतंय, आतली नळी फुटली की कूलंट ऑईलमध्ये मिसळतंय, आणि पाण्यानं क्लचचा कागदी थर सुटतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर, सांगली, निपाणी, चिक्कोडी सगळीकडं पूर आला होता, त्यात बुडालेल्या गाड्या पुढं धुऊन पुसून विकल्या गेल्या. गिअरबॉक्सच्या ब्रीदरमधनं (हवा जायच्या भोकातनं) पण पाणी आत जातंय, त्यामुळं या पट्ट्यातली त्याआधीची गाडी कुणी दाखवायला आणली की सीटबेल्ट पूर्ण ओढून बघायचा, शेवटच्या टोकाला चिखलाची रेघ आहे काय.

ऑईल ठीक असलं तरी लगेच गिअरबॉक्सवर जायचं नाही. डी किंवा आरला टाकताना "धाड" येतंय, तर एका माणसाला बॉनेट उघडून बाजूला उभं करा, समोर नाही, आणि ब्रेक घट्ट दाबून डी, आर, डी करा. इंजिन उडी मारताना दिसलं तर इंजिन धरून ठेवणारं रबरी माउंटिंग गेलंय, विषय संपला. आयडल (रेस न देता चालणाऱ्या इंजिनचा आरपीएम) जास्त असला तरी गिअर धडकन बसतोय. बॅटरी आणि अल्टरनेटरचं व्होल्टेज बघा, अर्थची वायर गिअरबॉक्सला जिथं लागती तिथं गंज आहे काय बघा, व्होल्टेज पडलं की गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर वेड्यासारखा वागतोय. वायरिंग हात लावून चेक करा, चिक्कोडी-निपाणीकडं उसाच्या फडाला लागून घरं आहेत, तिथल्या गाड्यांत उंदरांनी सेन्सरची वायर कुरतडलेली सापडती. लिव्हरची केबल सैल असली तर लिव्हर डीला आणि आतला व्हॉल्व्ह मध्येच कुठंतरी, मग क्लच अर्धवट प्रेशरवर जळतात, आणि दुरुस्ती म्हणाल तर एका नटाची.

स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) जरूर लावा, पण स्कॅनरवर संसार करू नका. पी ०७०० आला म्हणजे एवढंच की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरकडं काहीतरी नोंद आहे, खरा कोड तिथं जाऊन वाचायला लागतो, आणि स्वस्तातला ब्लूटूथवाला बरेचदा तिथवर पोचतच नाही. पी ०७१५ आणि पी ०७२० स्पीड सेन्सरचे, पी ०७४० टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉकअपचा (स्पीडला इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा कन्व्हर्टरमधला क्लच), पी ०७५० शिफ्ट सोलेनॉइडचा (गिअर बदलायला ऑईलची वाट उघडझाप करणारा करंटवरचा व्हॉल्व्ह). सोलेनॉइडचा कोड आला म्हणून सोलेनॉइड मागवायचा नाही, आधी मल्टीमीटर. बऱ्याच शिफ्ट सोलेनॉइडचा रेझिस्टन्स ११ ते १५ ओहमच्या आसपास असतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा, आणि थंड आणि गरम दोन्हीला मोजा, गरम झाल्यावरच उघडा पडणारा सोलेनॉइड थंडीत अगदी साळसूद दिसतो. गाडी एकाच गिअरला अडकली, समजा तिसऱ्याच, तर ती लिंप मोडमध्ये आहे, आतला कॉम्प्युटरच मुद्दाम तसं करतोय, त्यावरनं क्लच गेले असं म्हणता येत नाही.

ट्रायल मारायला मी आधी पिरनवाडी, मच्छेकडं जातो, कारण सिग्नल, गर्दी, थांबणं-निघणं सगळं मिळतंय, आणि मग हायवेला काकती, वंटमुरी घाट. गाडी मालकालाच चालवायला द्यायची पहिल्यांदा, त्याला जे जाणवतंय ते त्याच्याच पायाखाली होतंय. हायवेला ६०-७० च्या स्पीडला हलका अ‍ॅक्सिलरेटर धरून चाललं आणि रंबलरवरनं गेल्यासारखी थरथर आली, तर गिऱ्हाईक म्हणतंय मिसिंग आहे, आधीच्या मिस्त्रीनं प्लग, कॉइल सगळं बदललेलं असतंय. इथं एक सोपी खूण आहे. रस्ता मोकळा बघून, मागं कुणी नाही याची खात्री करून, अ‍ॅक्सिलरेटर तसाच धरून ब्रेक पेडलला डाव्या पायानं नुसता स्पर्श करायचा, ब्रेक लागेल इतका नाही, मागचा लाल दिवा लागेल इतकाच. ब्रेक स्विचचा सिग्नल गेला की कॉम्प्युटर लॉकअप सोडतो, आरपीएम थोडा वर जातो. त्या क्षणी थरथर थांबली तर दुखणं लॉकअपचं, चालूच राहिली तर इंजिन, टायर नाहीतर ड्राइव्हशाफ्टकडं बघा. लॉकअपची थरथर नुसतं योग्य ऑईल बदलून गेलेली मी बघितलीय, सगळ्यांची जात नाही, पण आधी तेच करून बघायचं.

एन मधनं डीला टाकल्यावर गिअर बसेपर्यंतचा वेळ मोबाईलच्या स्टॉपवॉचवर मोजा. टोयोटाच्या मॅन्युअलमध्ये डीला १.२ सेकंदाच्या आत आणि आरला १.५ च्या आत असा आकडा असतो, इतर गाड्यांना पण अंदाजाला चालतो. स्टॉल टेस्ट (ब्रेक दाबून, गाडी गिअरला ठेवून फुल रेसला आरपीएम किती जातो ते बघणं) मात्र नवीन पोरांनी एकट्यानं करायची नाही. चाकांना ओंडके, हँडब्रेक, पायाचा ब्रेक, समोर माणूस नाही, आणि फुल रेस पाच सेकंदांच्या वर अजिबात नाही, ऑईल भयानक तापतंय. आरपीएम मॅन्युअलपेक्षा वर गेला तर क्लच सरकतात किंवा प्रेशर कमी, खाली राहिला तर इंजिनच कमजोर किंवा कन्व्हर्टरच्या आतला स्टेटर नावाचा भाग गेलाय. जुनाट गाडीवर मी ही टेस्ट शक्यतो टाळतोच, प्रेशर गेज लावून जे कळतंय त्यात जोखीम कमी.

ऑईल चेंबर उतरवला की मॅग्नेट बघा. बारीक राखाडी लगदा असणारच, त्याला घाबरू नका. बोटाला टोचणारे तुकडे, पितळी चकाकी किंवा क्लचच्या काळ्या चिपट्या दिसल्या तर मात्र गिऱ्हाईकाला बोलवून प्रत्यक्ष दाखवा, फोटो काढा, मगच खर्चाचं बोला. मशीननं फ्लशिंग (सगळं जुनं ऑईल ढकलून बाहेर काढणं) करावं का यावर मिस्त्री लोकांची भांडणं होतात. माझं मत, लाख किलोमीटरच्या वर चाललेल्या आणि ऑईल कधीच न बदललेल्या गाडीला मशीन नको, ड्रेन करून भरा. एका वेळी निम्म्याहून कमीच ऑईल निघतंय, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतंय, म्हणून थोडे किलोमीटर चालवून परत एकदा करा.

शिकायचं कुठं, तर जिथं रोज ट्रायलवर सोबत नेतात तिथं. पगार दोन पैसे कमी असला तरी चालेल, पण नुसतं धुवायला आणि पाना द्यायला ठेवणार असतील तर तिथं वर्ष घालवू नका. एक वही ठेवा, मॉडेल, साल, किलोमीटर, तक्रार गिऱ्हाईकाच्या शब्दात, थंड का गरम, आणि शेवटी काय निघालं. दोन वर्षांत ती वही कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा जास्त कामाला येती. आणि टोइंगचं आत्ताच शिकून घ्या, पुढच्या चाकांवर चालणारी ऑटोमॅटिक पुढची चाकं रस्त्यावर ठेवून ओढायची नाही, इंजिन बंद म्हणजे पंप बंद, आत वंगण नाही. जांबोटीच्या पुढं बंद पडली तर फ्लॅटबेडच बोलवायचा, दोर लावून ट्रॅक्टरनं आणलेली गाडी घेऊन कुणी आलं की आधी किती अंतर ओढली ते विचारा.

आणि कधी बॉक्स खरंच उतरवायची वेळ आलीच, तर परत बसवताना कन्व्हर्टर आधी गिअरबॉक्सवर पूर्ण बसवा. त्यात थोडं ऑईल भरा, फिरवत फिरवत आत ढकला, टप्प्याटप्प्यानं आत जातोय ते हाताला कळतंय, एकदा बसला असं वाटलं तरी अजून एक टप्पा राहिलेला असू शकतो. गिअरबॉक्सच्या तोंडावर सरळ पट्टी ठेवून कन्व्हर्टर किती आत गेलाय ते मोजा, मॅन्युअलच्या आकड्याशी जुळवा. बॉक्स इंजिनला हातानं टेकला पाहिजे आणि त्यानंतर कन्व्हर्टर मोकळा फिरला पाहिजे. बोल्ट आवळून आवळून फट मिटवायला लागत असेल तर तिथंच थांबा, पंप फुटायची तयारी चाललीय.