क्लॅमिडियाच्या तपासणीला निघण्याआधी

क्लॅमिडिया हा लैंगिक संबंधातून पसरणारा जंतूसंसर्ग. तपासणीला जाण्याआधी दिवस मोजा. ज्या संबंधामुळे मनात शंका आली, त्याला दोन आठवडे होऊन गेलेत का? त्याआधी रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी त्यावर विसंबता येत नाही. मात्र लघवीला जळजळ, वेगळाच स्राव, संबंधानंतर रक्त, ओटीपोटात किंवा अंडकोषात दुखणं यातलं काही असेल तर दिवस मोजत बसू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा. आणि काहीच होत नसेल, तरीही जा. बहुतेक बायकांना आणि निम्म्याच्या आसपास पुरुषांना या जंतूची लक्षणंच जाणवत नाहीत. "मला तर काहीच त्रास नाही," हे नमुने घेताना मी सतत ऐकते. त्रास नसतानाही आत गर्भनलिकांना सूज येऊन त्या बंद होऊ शकतात, आणि ते कळतं थेट दिवस राहत नाहीत म्हणून तपासण्या सुरू होतात तेव्हा. साध्या गोळ्यांनी बरा होणारा आजार इथवर जावा, याचं मला फार वाईट वाटतं.

चिठ्ठीवर तपासणीचं नाव नीट आहे ना ते बघून घ्या. लघवीच्या नेहमीच्या तपासणीत किंवा कल्चरमध्ये (म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघण्यात) क्लॅमिडिया दिसत नाही, कारण हा जंतू जिवंत पेशीच्या आतच वाढतो. पॅप स्मिअर वेगळ्या कारणासाठी, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची शक्यता बघायला असते. तुम्हाला हवी ती पीसीआरसारखी, जंतूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी. त्याच नमुन्यात बहुधा गनोरिया हा दुसरा लैंगिक आजारही बघता येतो. सिफिलिस आणि एचआयव्हीसाठी रक्त द्यावं लागतं, तेही त्याच खेपेत देऊन टाका.

सगळ्यात जास्त चूक होते ती लघवीच्या नमुन्यात. आपल्याला सवय असते ती धुऊन-पुसून, पहिली धार सोडून मधली धार डबीत धरायची. इथे नेमकं उलट. तासभर आधी, जमलं तर दोन तास, लघवीला जायचं नाही. जागा धुवायची-पुसायची नाही. पहिलाच थेंब डबीत पडला पाहिजे, आणि वीस-तीस मिलिलिटर झालं की डबी बाजूला घ्यायची. जंतू मूत्रमार्गाच्या अस्तरात असतात. पहिली धार त्यांना घेऊन बाहेर पडते. काठोकाठ भरलेली डबी मोठ्या काळजीने आणून देणाऱ्याला मला सांगावं लागतं, की यात ते जंतू पातळ होऊन गेले.

बायकांसाठी योनीमार्गातला स्वॅब, म्हणजे कापसाच्या काडीवर घेतलेला नमुना, लघवीपेक्षा जास्त भरवशाचा. तो आपला आपण घेता येतो, दुखत नाही. संकोच वाटत असेल तर काडी मागून घ्या. आदल्या दिवसापासून आत क्रीम लावू नका, आतून पाणी मारून धुऊ नका.

घसा किंवा गुदद्वार यांचा संबंध आला असेल तर ते स्पष्ट सांगा. तिथला संसर्ग लघवीत सापडत नाही, तिथला वेगळा स्वॅब घ्यावा लागतो. हल्ली एखादं अँटिबायोटिक घेतलं असेल तर त्याचं नाव, शिवाय गर्भारपण किंवा त्याची शक्यता, हेही सांगायचं. घरात उरलेल्या गोळ्या "तोवर घेऊन बघू" म्हणून घेऊ नका.

गेल्या दोन महिन्यांत ज्यांच्याशी संबंध आला त्यांची नावं मनाशी काढून ठेवा. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर त्यांनाही कळवावं लागेल, नाहीतर बरं होऊन पुन्हा तोच संसर्ग घेऊन याल. हा जंतू अंगात कित्येक महिने गप्प राहू शकतो, त्यामुळे रिपोर्टवरून कोणी कोणाला फसवलं ते ठरत नाही. भांडणाआधी एवढं लक्षात घ्या.

उपचार बहुधा डॉक्सिसायक्लिन, दिवसातून दोनदा, सात दिवस. गर्भारपणात अॅझिथ्रोमायसिनचा एकच डोस. दोघांचे उपचार पुरे होईपर्यंत संबंध नकोत, एक डोस असेल तर त्यानंतरही सात दिवस थांबायचं. गोळ्या संपल्या की लगेच पुन्हा तपासायची घाई नको, मेलेल्या जंतूंचे अंश काही आठवडे पॉझिटिव्ह दाखवतात. गर्भवतीने साधारण चार आठवड्यांनी तपासून घ्यावं, आणि तीन महिन्यांनंतरची फेरतपासणी सगळ्यांनीच करायची. ती तारीख गोळ्या सुरू कराल त्याच दिवशी फोनमध्ये टाकून ठेवा.