‘मोआ परत येणार’ ही बातमी कशी वाचायची

जुलै 2025 मध्ये कोलॉसल या अमेरिकी कंपनीने न्यूझीलंडचा जायंट मोआ हा नामशेष झालेला, न उडणारा प्रचंड पक्षी परत आणण्याची घोषणा केली. दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात पाय ठेवताच प्रश्न आला, “बाई, मग तो कधी येणार?” तारीख मला सांगता येईना. मग आम्ही ती बातमीच फळ्यावर उलगडली. तेव्हापासून अशी प्रत्येक बातमी मी त्याच क्रमाने वाचते. मादागास्करच्या एलिफंट बर्ड या दुसऱ्या नामशेष पक्ष्याची बातमी आली तरी हाच क्रम चालतो.

आधी पक्षी मापात आणा. भिंतीवर 2 मीटरवर खडूने रेघ मारा. मोठ्या मादीची पाठ तिथे यायची. बातमीतला 3.6 मीटर हा आकडा मान पूर्ण वर ताणली तरचा. एरवी मान पुढे झुकलेली असे. वजन 200 किलोच्या वर, आणि नर मादीपुढे अगदीच लहान. चित्रात पंखांचे खुंट दिसले, तर ते शहामृगावरून काढलंय असं समजा, कारण मोआच्या सांगाड्यात पंखाचं एकही हाड नव्हतं.

मग विचारा, कोणता मोआ? जाती 9 होत्या. 2024 मध्ये जनुकसंच प्रसिद्ध झाला तो लिटल बुश मोआचा, पायाच्या बोटाच्या एका हाडातून मिळालेला. जायंट मोआ ही वेगळी जात. डीएनए किती टिकतो, हेही मोआच्याच हाडांनी शिकवलं. 2012 मध्ये 158 हाडं तपासून संशोधकांनी हिशेब मांडला, की त्या हाडांमध्ये डीएनएचे 242 दुव्यांइतके लांब तुकडे दर 521 वर्षांनी निम्मेच अखंड उरतात. मोआ नामशेष होऊन सुमारे 600 वर्षं झाली. म्हणजे साखळीचे तुकडे हाती लागतात, अखंड साखळी नाही. ते तुकडे जुळवायला जिवंत नातेवाइकाच्या जनुकांचा नकाशा लागतो. मोआचा सगळ्यात जवळचा नातेवाईक दक्षिण अमेरिकेतला टिनामू आहे. तो कोंबडीएवढा किंवा त्याहून लहान असतो, आणि उडतो! दोघांच्या वाटा कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या.

यापुढे बातमीत ‘अंडं’ हा शब्द शोधा. खरी अडचण तिथे आहे, आणि नेमका तोच परिच्छेद बहुतेक वेळा गाळलेला असतो.

क्लोन करून जन्माला घातलेल्या डॉली मेंढीच्या वेळी अंडपेशीतलं केंद्रक काढून दुसरं बसवलं होतं. पक्ष्यात अंडपेशी म्हणजे तो सबंध पिवळा बलक, आणि केंद्रक त्यावरचा जेमतेम दिसणारा ठिपका. शिवाय अंडं घातलं जातं तेव्हा आत हजारो पेशींचा गर्भ तयार असतो. म्हणून वाट वळसा घेऊन जाते. गर्भाच्या रक्तातून आद्य जननपेशी (पुढे ज्यांची अंडपेशी किंवा शुक्रपेशी होते त्या) काढायच्या, प्रयोगशाळेत वाढवायच्या, त्यांची जनुकं बदलायची आणि दुसऱ्या गर्भात सोडायच्या. तो गर्भ मोठा झाला, की बदललेली जनुकं त्याच्या पिल्लांत उतरतात. कोंबडीच्या या पेशी वाढवणं 2006 मध्ये जमलं. पण कोंबडीची कृती दुसऱ्या पक्ष्याला जशीच्या तशी लागू पडत नाही.

समजा, मोआचे बदल ऑस्ट्रेलियातल्या एमू या मोठ्या, न उडणाऱ्या पक्ष्यात करायचे ठरवले आणि हे सगळं साधलं. मग पट्टी घ्या. एमूचं अंडं साधारण 13 सेंटिमीटर लांब, जायंट मोआचं 24 सेंटिमीटरपर्यंत. ते एमूला घालता येणार नाही, म्हणून कृत्रिम कवच हवं. कोंबडीचं पिल्लू स्वतःच्या कवचाबाहेर वाढवणं 1988 मध्ये शक्य झालं, जपानमध्ये 2014 साली प्लास्टिकच्या पातळ पडद्यातही झालं. पण ते 21 दिवसांचं काम होतं. एमूलाच उबायला सात-आठ आठवडे लागतात. वर्गात दोन्ही अंडी कागदातून कापून शेजारी ठेवली, तेव्हा मुलं आपणहून गप्प झाली.

क्रियापदांखाली रेघ ओढा: आणला, आणणार, आणता येईल. आणि किती बदल केले ते विचारा. एप्रिल 2025 मध्ये ‘परत आणला’ म्हणून गाजलेल्या डायर वुल्फ या नामशेष लांडग्यामध्ये करड्या लांडग्याच्या 14 जनुकांत 20 बदल होते. माझ्या मते त्याला बदललेला लांडगाच म्हणावं. एमूपासून घडवलेल्या पक्ष्यालाही मी हाच नियम लावीन.

शेवटी, तो राहणार कुठे आणि कोणाच्या संमतीने? तेराव्या शतकाच्या अखेरीस माणसं न्यूझीलंडला पोचली आणि दोनेकशे वर्षांत शिकारीने मोआ संपला. त्याच्यावर जगणारा हास्ट गरुडही गेला. आता दक्षिण बेटावरच्या न्गाई ताहू या माओरी समाजाचं संशोधन केंद्र या प्रकल्पात आहे. त्यांचं म्हणणं बातमीत नसेल, तर ते शोधून वाचा.

त्याच देशात काकापो हा न उडणारा पोपट 1995 मध्ये 51 वर आला होता. माणसांनी एकेक घरटं राखून तो दोनशेपार नेला. त्याची कितीतरी अंडी आजही फलित होत नाहीत. जननपेशींचं हे तंत्र त्याच्यासाठी कोणी वापरतंय का, हे मी प्रत्येक बातमीत शोधते.